मिस्टरवर एनईएस लावलं की टीव्ही काळा: माझा अनुभव

जळगावात आमच्याकडे मिस्टर आहे, म्हणजे जुन्या गेम कन्सोलचे गेम खेळायला वापरतात तो डीई१०-नॅनो नावाचा बोर्ड. त्यातली एफपीजीए चिप (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) जुन्या कन्सोलच्या सर्किटसारखीच वागते. सेगाचं जुनं कन्सोल मेगा ड्राइव्ह व्यवस्थित चालायचं. निन्टेन्डोचं एनईएस लावलं की नव्या टीव्हीवर आवाज येई, चित्र नाही.

"काय भो, केबल बदल ना!" मित्र म्हणाला. बदलली. फरक शून्य. मे महिन्यातलं आमचं ऊन बघता बोर्ड तापला असेल असंही वाटलं, पण सकाळच्या गारव्यातही तेच.

गोम वेगळीच होती. मेगा ड्राइव्ह सेकंदाला साधारण ५९.९२ फ्रेम देतं, एनईएस मात्र ६०.०९८८. सेटिंग फाइलमध्ये 'व्हीसिंक अ‍ॅडजस्ट' २ वर असेल तर हाच वेग जसाच्या तसा टीव्हीकडे जातो, आणि आमच्या टीव्हीला तो पचत नव्हता.

मग फाइलच्या शेवटी एनईएससाठी वेगळा विभाग टाकून तिथे हे मूल्य ० केलं. आता ठोक ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम जातात. दर दहा सेकंदांना एखादी फ्रेम गळते आणि बटणाला किंचित उशीर होतो. भाच्याला तो जाणवत नाही, मला जाणवतो. टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर तोही बराच कमी झाला. बाकी कन्सोल २ वरच ठेवलेत.