काळ्या मातीवरचा ड्राइव्हवे : आधी जमीन, मग काँक्रीट

सातारा-सांगलीकडे घर बांधताना ड्राइव्हवेचा, म्हणजे फाटकापासून पोर्चपर्यंत गाडी येण्याच्या पट्ट्याचा, विचार सर्वांत शेवटी होतो. तोवर पैसा आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. मग पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती, विटांचे तुकडे आणि प्लास्टरचा राडारोडा त्याच जागी पसरून वर चार इंच काँक्रीट ओतले जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याला लांबच लांब भेग जाते. कृष्णाकाठच्या आमच्या स्वतःच्या घरी हेच झाले. तिसऱ्या वर्षी मधली भेग इतकी रुंदावली की तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहू लागले, आणि भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा इंच वर आली. काँक्रीट फोडून पाहिले तेव्हा ते चांगले पक्के निघाले. बिघडली होती ती त्याच्या खालची जमीन. त्यामुळे पुढच्या मजकुरात काँक्रीटइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, खालच्या थरांविषयी लिहिले आहे.

ड्राइव्हवेविषयीची बरीचशी माहिती आणि व्हिडिओ कडक हिवाळ्याच्या देशांतून येतात. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जमीन काही फुटांपर्यंत गोठते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते; शिवाय गाळवट मातीत खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढत राहते, बर्फाचे थर साचत जातात आणि वरचे काँक्रीट उचलले जाते. म्हणून तिथे पाणी न धरणाऱ्या खडीचा जाड थर देतात आणि काँक्रीटमध्ये रसायन घालून हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे राखतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते. आपल्या आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातही अशा हवामानासाठी 20 मिमी खडीच्या काँक्रीटमध्ये सुमारे 5 टक्के हवा राखण्याची तरतूद आहे, आणि लेह किंवा लाहौलमध्ये बांधणाऱ्याने ती जरूर पाळावी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात थंडीत दव गोठते खरे, पण ते गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर गोठते. जमीन गोठत नाही. तेव्हा आपल्या भागात या रसायनावर खर्च करण्याचे कारण नाही.

आपल्याकडे बर्फाची जागा काळी माती घेते. बेसाल्ट खडक कुजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते आणि त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. मे महिन्यात हीच माती आटून इतकी भेगाळते की शेतातल्या भेगेत हात सहज आत जातो. ड्राइव्हवेच्या मध्यभागी काँक्रीटखालची ओल वर्षभर जवळपास सारखी राहते, पण दोन्ही कडांना मात्र पावसाळ्यात पाणी लागते आणि उन्हाळ्यात ऊन. कडा वरखाली होतात, मध्य जागेवर राहतो, आणि म्हणूनच भेग बहुधा मधोमध, लांबीच्या दिशेने जाते. ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढची सगळी खबरदारी कशासाठी घ्यायची ते आपोआप कळते.

पहिले काम म्हणजे आपली जमीन ओळखणे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या चढावर थोडे खणले की मुरूम लागतो; सांगलीत नदीकडच्या भागात पुरुषभर खणले तरी काळी मातीच निघू शकते. महाबळेश्वर-जावळीच्या माथ्यावर तांबडी जांभ्याची माती आहे, ती फारशी फुगत नाही, पण तिथे पाऊसच इतका असतो की पाण्याचा निचरा हाच मुख्य प्रश्न होतो. फाटकाजवळ एक आणि पोर्चजवळ एक असे अडीच फूट खोल खड्डे घ्यावेत आणि कुठल्या खोलीला माती बदलते ते पाहावे. शंका असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी माती प्रयोगशाळेत फुगवट्याची चाचणी करून घ्यावी. ही चाचणी साधी आहे: चाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळकांड्यात रॉकेलमध्ये घालून 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक हा तिचा फुगवटा. तो 50 टक्क्यांहून जास्त भरला तर ती माती भरावासाठी वापरू नये.

खोदाईला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. तेव्हा जमिनीत मध्यम ओल असते. मे महिन्यात पूर्ण आटलेल्या मातीवर काम केले तर पहिल्याच पावसाळ्यात ती जास्तीत जास्त फुगते आणि नवे काम उचलते, म्हणून पावसापूर्वी उरकून घेण्याची घाई या एका कामात महागात पडते. काळ्या मातीत दोन फूट खोदाई करावी आणि ती ड्राइव्हवेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना फूट-फूटभर जास्त घ्यावी, कारण खरी हालचाल कडेलाच होते. मुरमाड जमिनीत फूटभर खोदाई पुरते. निघालेली काळी माती बागेत वापरावी, पण ती पुन्हा त्याच खड्ड्यात जाणार नाही यावर स्वतः लक्ष ठेवावे. खड्ड्याच्या तळालाही गटाराच्या दिशेने उतार द्यावा. तो सपाट किंवा खोलगट राहिला तर काळ्या मातीत तयार झालेली ती टाकीच ठरते, आणि वरून झिरपलेले पाणी महिनोन्महिने तिथे मुरत राहते. याच कारणाने खड्डा वाळूने किंवा मोकळ्या खडीने भरू नये.

तळ रोलरने दाबून घेतल्यावर चांगल्या मुरमाचे सहा-सहा इंचांचे दोन थर द्यावेत. मुरमाला पाणी किती मारावे हे हातानेच कळते. मूठभर मुरूम घेऊन घट्ट दाबावा; बोटांतून पाणी निथळले तर ओल जास्त, मूठ उघडताच गोळा विस्कटला तर कमी, आणि गोळा तसाच राहून अंगठ्याने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर ओल बरोबर आहे. या ओलीवर दाबलेला मुरूम घट्ट बसतो. वरचेवर पाण्याचा पाइप सोडून मुरूम ‘बसवून’ घेण्याची जी पद्धत रूढ आहे, तिने थर दबत नाही, उलट ते पाणी खालच्या काळ्या मातीला मिळते. लहान रोलर भाड्याने मिळतो आणि तो आणावाच. जागा अरुंद असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने थर दाबणारे छोटे यंत्र) चालतो, मात्र मग थर चार इंचांचाच ठेवावा. धुमसाने कोपरे तेवढे ठोकावेत. मुरमावर खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) यांच्या मिश्रणाचा सहा इंच थर दाबून घेतला की बैठक तयार झाली. टाचेने जोरात ठोकल्यावर खूण उमटू नये, इतकी ती कठीण हवी. चांगला मुरूम जवळपास मिळत नसेल तर काळ्याच मातीत वजनाच्या 3 ते 5 टक्के चुना मिसळून, ओलवून, दाबून घेण्याचा मार्ग आहे. मात्र चुना मातीत एकसारखा मिसळला गेला पाहिजे.

बैठकीच्या आधीच दोन गोष्टी करून ठेवाव्यात. नळाची लाइन, सांडपाणी आणि वीज यांसाठी लागणाऱ्या पाइपांखेरीज चार इंची पीव्हीसीचे दोन रिकामे पाइप ड्राइव्हवेखालून आडवे टाकून त्यांची तोंडे बंद करावीत. पुढे फाटकाला दिवा हवा झाला किंवा बागेला पाणी न्यायचे ठरले तर काँक्रीट फोडावे लागत नाही. दुसरी गोष्ट उताराची. घरापासून दूर, दर फुटाला पाव इंच हा उतार पुरेसा आहे, म्हणजे दहा फुटांत अडीच इंच. तो डोळ्यांनी ठरवू नये. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून खुंट्यांना दोरी बांधावी. रस्त्याकडच्या चढाला आठ फुटांत एक फुटापेक्षा जास्त उंची नको, नाहीतर गाडीचा पोटाकडचा भाग घासतो. सार्वजनिक गटार राडारोड्याने बुजवून त्यावर चढ बांधलेला अनेक ठिकाणी दिसतो. पावसाळ्यात ते पाणी शेजाऱ्याच्या अंगणात आणि आपल्याच काँक्रीटखाली शिरते, म्हणून तिथे पुरेसा मोठा पाइप किंवा जाळी घालून पाण्याची वाट मोकळी ठेवलीच पाहिजे.

आता वरचा थर. खोल काळी माती असेल तर माझे स्पष्ट मत पेव्हर ब्लॉकच्या बाजूने आहे. जमीन थोडी हलली तरी ब्लॉक तुटत नाहीत, आणि बसलेला तुकडा काढून, खाली वाळू भरून, तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात. आयएस 15658 नुसार हलक्या वाहतुकीसाठी एम-35 दर्जाचा 60 मिमी जाडीचा ब्लॉक चालतो (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद दाखवतो). पाण्याचा टँकर किंवा ट्रॅक्टर आत येणार असेल तर 80 मिमीचा एम-40 घ्यावा. खाली इंच-सव्वा इंच जाडीचा वाळूचा थर द्यावा आणि ती वाळू धुतलेली, भरड असावी. वाळूऐवजी कच घातली तर तिच्यातल्या भुकटीने पाण्याचा निचरा बंद होतो. गाडी वळते तिथे ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवणारी हेरिंगबोन रचना करावी, कारण सरळ ओळी चाकांच्या रेट्याने सरकतात. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी हवीच. ती नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर ढकलले जातात आणि मागोमाग आतली रांग सैल होते. शहाबादी फरशी व्हरांड्यात शोभते, गाडीखाली ती टिकत नाही.

मुरमाड जमिनीवर, किंवा बैठक वर सांगितल्याप्रमाणे झाली असेल तर, काँक्रीट उत्तम. दहा फूट रुंद, तीस फूट लांब आणि पाच इंच जाडीच्या कामाला सुमारे सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) काँक्रीट लागते. एम-20 साठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हे प्रमाण धरले तर त्यात सिमेंटची साधारण 28 पोती, अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त वाळू आणि एक ब्रासहून थोडी जास्त खडी जाते. एका पोत्याला पाणी 30 लिटरच्या वर जाऊ देऊ नये, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच धरावे. मिक्सरवरचा माणूस काँक्रीट सहज पसरावे म्हणून बादलीने पाणी वाढवत राहतो, आणि काँक्रीटची ताकद नेमकी तिथेच कमी होते. घमेल्यांच्या अंदाजावर न जाता वाळू-खडीसाठी लाकडी फर्मा, म्हणजे मापाची पेटी, वापरावी आणि पाण्याची मोजलेली बादली ठरवून द्यावी.

लोखंडाची जाळी 8 मिमी सळईची, आठ-आठ इंचांवर बांधलेली पुरते. ती वरच्या पृष्ठभागापासून दोन इंच खाली राहिली पाहिजे. जाळी बैठकीवर अंथरून काँक्रीट ओतता ओतता आकड्याने वर ओढण्याची सवय बहुतेक कामगारांना असते, पण पुढचे पाऊल पडताच ती पुन्हा तळाला जाते. म्हणून तिला खालून सळईच्या खुर्च्या द्याव्यात. जाळी भेग पडू न देण्यासाठी नसते, पडलेली भेग केसाएवढी बारीक राखण्यासाठी असते. भेग कुठे पडावी हे आपण सांध्यांनी ठरवतो. दर दहा फुटांवर, जाडीच्या पाव भागाइतका खोल, म्हणजे सव्वा इंचाचा काप कटरने घ्यावा, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत न लांबवता, काँक्रीट कटरखाली विस्कटणार नाही इतके घट्ट होताच घ्यावा. पोर्चचा जोता आणि फाटकाचे खांब यांना काँक्रीट चिकटू देऊ नये. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवावी.

पृष्ठभागावर पाणी सुटलेले असताना कोरडे सिमेंट भुरभुरून घोटून घेतल्यास तो त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात. सुटलेले पाणी आटू द्यावे, लाकडी रंध्याने सारखे करावे आणि उताराला आडवा खराट्याचा हलका हात फिरवावा, म्हणजे पावसात पाय आणि चाके घसरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे गारवा असतो, त्यामुळे काँक्रीट सावकाश घट्ट होते. ओतण्याचे काम सकाळी उन्हे चढू लागल्यावर सुरू करून दुपारपर्यंत संपवावे. त्या दिवसांतला कोरडा वारा मात्र ओला पृष्ठभाग झपाट्याने सुकवतो, म्हणून संध्याकाळीच ओली पोती पसरावीत. दुसऱ्या दिवशी कडेने सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे करून पाणी साठवावे. हल्ली मिळणारे सिमेंट बहुतेक राखमिश्रित असते, आणि त्याला किमान 10 दिवस पाणी लागते; 14 दिवस दिले तर फारच चांगले. तोवर गाडी बाहेर ठेवावी, आणि वाळूचा किंवा विटांचा ट्रक 28 दिवस होईपर्यंत आत घेऊ नये.

काम झाल्यावरही कडांची ओल सारखी राखणे आपल्या हातात असते. छतावरच्या टाकीचा ओव्हरफ्लो ड्राइव्हवेच्या कडेला पडत असेल तर तो पाइपने गटारात न्यावा. एका बाजूला रोज पाणी पिणारी बाग आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असेल तर पट्टा एकीकडून उचलतो. वाफे कडेपासून निदान तीन फूट दूर ठेवावेत. मोठी झाडे त्याहून बरीच लांब लावावीत, कारण उन्हाळ्यात त्यांची मुळे काळ्या मातीतली ओल ओढून घेतात आणि ती माती खाली बसते. दरवर्षी मे महिन्यात सांध्यांमधली माती खरवडून त्यांत डांबरी सीलंट भरावे आणि ब्लॉकच्या फटींत कोरडी बारीक वाळू झाडून घालावी.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा मात्र छत्री घेऊन बाहेर यावे आणि पाणी कुठून कुठे जाते ते फाटकापर्यंत चालत पाहावे. जिथे पाणी थांबते तिथे विटेचा तुकडा ठेवावा. पाऊस उघडल्यावर त्या तुकड्याभोवतीचे ब्लॉक उचलून बैठक सारखी करता येते. काँक्रीट असेल तर तेवढ्या भागाला गटाराकडे जाणारी उथळ खाच कापून घ्यावी, आणि हे काम त्याच पावसाळ्यात करावे.