टॅब्लेटवर सॉफ्टवेअरचे काम करायचे आहे? या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नुसती चिप पाहून टॅब्लेट घेणे. २०२१ साली ॲपलने मॅकबुक एअरमधलीच एम१ चिप आयपॅड प्रोमध्ये बसवली, तेव्हापासून लॅपटॉपची गरज संपल्याचे सर्रास बोलले जाऊ लागले. चिपची ताकद खरी आहे. परंतु आयपॅडवर एक्सकोड हे ॲपलचे ॲप बनवण्याचे साधन चालत नाही आणि प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे डॉकरही चालत नाही. ॲपलच्याच स्विफ्ट प्लेग्राउंड्स या कोड लिहिण्याच्या ॲपमध्ये तयार केलेले ॲप थेट ॲप स्टोअरकडे पाठवता येते, एवढाच काय तो अपवाद. ज्यांचे रोजचे काम स्वतःच्या यंत्रावरील कंटेनर, डेटाबेस आणि एम्युलेटर (दुसऱ्या उपकरणाची नक्कल करणारे प्रोग्राम) यांवर अवलंबून आहे, त्यांनी टॅब्लेटला मुख्य यंत्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूरच्या सर्व्हरवर काम करायचे असेल, तर मात्र टॅब्लेट उत्तम साथ देतो. येथे होणारी चूक म्हणजे साध्या एसएसएच जोडणीवर (दूरच्या सर्व्हरला सुरक्षितपणे आज्ञा देण्याची पद्धत) विसंबणे. दस्तऐवज वाचण्यासाठी ब्राउझर उघडला की आयपॅडओएस ही आयपॅडची प्रणाली मागे गेलेले टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याचे ॲप) थोड्याच वेळात गोठवते, जोडणी तुटते आणि तिच्यासोबत अर्धवट चाललेले बिल्डही (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचे काम) बंद पडते. म्हणून सर्व्हरवरील प्रत्येक काम टीमक्सच्या सत्रातच सुरू करावे, कारण जोडणी तुटली तरी टीमक्स ते सर्व्हरवर चालू ठेवते; आणि जोडणीसाठी नेटवर्क खंडित झाले तरी टिकणारे मॉश वापरावे. मुंबई-पुणे रेल्वेप्रवासात कर्जत ते लोणावळ्यादरम्यानच्या बोगद्यांत नेटवर्क गेले, तरी बाहेर पडताच मॉशचे सत्र जिथल्या तिथे पुन्हा सुरू होते. मॉश जोडलेच जात नसेल, तर बहुतेक वेळा दोष फायरवॉलचा असतो; मॉश वापरते ते ६०००० ते ६१००० हे यूडीपी पोर्ट (नेटवर्कची क्रमांकित दारे) उघडे आहेत का, ते आधी तपासावे. टर्मिनल ॲपच बंद झाले तर मॉशलाही जुने सत्र परत मिळत नाही, त्यामुळे टीमक्सला पर्याय नाही.

अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनल ॲप आणि त्याची पूरक ॲप्स वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊ नयेत. त्यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या जुळत नाहीत, त्यामुळे ती एकत्र चालत नाहीत. चाललेले काम मध्येच 'सिग्नल ९' असा संदेश दाखवून बंद पडत असेल, तर कोडमध्ये चूक शोधत बसण्याआधी अँड्रॉइड १२पासून आलेली मर्यादा आठवावी : सर्व ॲप्सच्या मिळून ३२ उपप्रक्रियांपलीकडे गेले की प्रणाली त्या मारू लागते. अँड्रॉइड १४ आणि पुढच्या आवृत्त्यांत डेव्हलपर ऑप्शन्समधून हे बंधन काढता येते.

कीबोर्डवर एस्केप कळ नसल्यास आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये कॅप्स लॉकला ते काम द्यावे.

वेब डेव्हलपरांनी आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावी : आयपॅडवरील सफारीत वेब इन्स्पेक्टर (पानाचा कोड आणि त्रुटी तपासण्याचे साधन) नाही, तो वापरण्यासाठी आयपॅड मॅकला जोडावा लागतो. मॅक नसेल, तर चाचणीच्या पानात इरुडा ही स्क्रिप्ट घातल्यावर कन्सोल आणि नेटवर्कच्या नोंदी तरी पडद्यावर दिसतात.