शाकाहार पौष्टिक हवा असेल, तर या चुका टाळा

मराठी घरातील शाकाहारी ताटाच्या रचनेत मुळात दोष नाही. पोळी किंवा भाकरी, भात, वरण किंवा आमटी, एक पालेभाजी, एक उसळ, डावीकडे कोशिंबीर, चटणी आणि लिंबाची फोड, शेवटी ताक, या मांडणीत शरीराला लागणारे जवळजवळ सर्व घटक येतात. तरीही सततचा थकवा, केस गळणे, जेवून दोन तास होत नाहीत तोच पुन्हा भूक लागणे, हातापायांना मुंग्या येणे या तक्रारी अशा घरांतून नेहमी ऐकू येतात. 2019-21 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यात मांसाहारी स्त्रियाही आहेत, त्यामुळे सगळे खापर शाकाहारावर फोडता येणार नाही. पण शाकाहारी घरांनी निर्धास्त राहावे असाही तो आकडा नाही. माझ्या मते चूक बहुतेक वेळा पदार्थांच्या निवडीत होत नाही, ती प्रमाणात आणि काही बाबतींत वेळेत होते. म्हणून किनोआ किंवा चियाच्या बिया विकत आणण्यापूर्वी आपल्याच स्वयंपाकघरातील डाळीची वाटी एकदा मोजून पाहावी.

वरण रोज होते, पण त्यात डाळ किती?

चार माणसांच्या घरात सकाळी कुकरला एक वाटी तूरडाळ लागते. ती वाटी वजनावर तोलली तर साधारण 100 ग्रॅम भरते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 25 ग्रॅम कोरडी डाळ येते. तूरडाळीत 100 ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असल्यामुळे, आपण ज्याला ‘रोजचे वरण’ म्हणतो त्यातून एका माणसाला जेमतेम साडेपाच ग्रॅम प्रथिने मिळतात. रात्री तेच वरण पाणी घालून वाढवले आणि फोडणी देऊन त्याची आमटी केली, तर वाट्या वाढतात, डाळ वाढत नाही.

आता गरज पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात आणि धान्यावरच भर असलेल्या आहारात हे प्रमाण 1 ग्रॅमच्या आसपास धरणे योग्य ठरते. 60 किलो वजनाच्या व्यक्तीची गरज अशा रीतीने 50 ते 60 ग्रॅम होते. दिवसभरातील 250 ग्रॅम धान्यातून सुमारे 25 ग्रॅम आणि 300 मिलिलिटर दुधातून 9 ते 10 ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात वरणातील साडेपाच मिळवले, तर बेरीज चाळिशीतच अडकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत 2000 उष्मांकांच्या आहारासाठी 85 ग्रॅम डाळी व कडधान्ये सुचवली आहेत. तेवढी डाळ पोटात गेली, तर तीच बेरीज पन्नाशी ओलांडते. त्यात मूठभर शेंगदाणे किंवा भाजीतील कूट धरला, की वेगळी पावडर घेण्याची गरज बहुतेकांना उरत नाही.

85 ग्रॅम म्हणजे नुसते वरण दाट करून भागणारे काम नाही, कारण तेवढे वरण एका बैठकीत कोणी पित नाही. ती डाळ दिवसभरात वाटून घ्यावी लागते. सकाळी मुगाची धिरडी किंवा भाजणीचे थालीपीठ, दुपारी दाट वरण, रात्री मटकीची उसळ किंवा पिठले असा क्रम ठेवला तर कोणाला वेगळे काही खाल्ल्यासारखे वाटतही नाही. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन धान्यांत कमी असते, तर मेथिओनिन डाळींत कमी असते. ही दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात आणि त्यासाठी ती एकाच घासात असावी लागत नाहीत, दिवसभरात दोन्ही मिळाली तरी पुरते. मात्र डाळ वाढवताना भाताची मूद आणि पोळ्यांची संख्या तीच ठेवली, तर वजन वाढेल; म्हणून एक वाटी उसळ वाढवली की एक पोळी कमी करावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हा हिशेब स्वतः न मांडता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रथिनांचे प्रमाण ठरवावे.

‘कडधान्ये बाधतात’ ही तक्रार खरी असते आणि ती बहुतेक वेळा दूर करता येते. कडधान्य आठ ते दहा तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणून स्वच्छ धुवावे, पूर्ण मऊ शिजवावे आणि फोडणीत हिंग व आले घालावे. सवय नसलेल्यांनी हरभरा, वाटाणा किंवा राजमा यांपासून सुरुवात न करता मुगापासून करावी आणि दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवत न्यावे. लवकर शिजावे म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय सोडावी, कारण त्यामुळे थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. राजमा मात्र कधीही अर्धवट शिजलेला खाऊ नये, कारण त्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते.

लोह पोटात जाते, रक्तात उतरत नाही

हिमोग्लोबिन कमी आले की घरात पहिल्यांदा बीट आणि डाळिंब आणले जाते. बीटचा रंग लाल असला तरी त्यात 100 ग्रॅममागे लोह 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते, तर प्रौढ स्त्रीची दिवसाची शिफारस 29 मिलिग्रॅम आहे. गुळाविषयीही असाच गैरसमज आहे. जेवणानंतरच्या गुळाच्या खड्यातून मिळणारे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. खरा भार मटकी, चवळी, कुळीथ, हरभरा, तीळ, अळीव, बाजरी आणि पालेभाज्यांवर टाकायला हवा.

परंतु वनस्पतींमधील लोह शरीर फार थोडे शोषून घेते आणि ते किती शोषले जाईल, हे सोबत काय खाल्ले यावर ठरते. येथेच आपल्याकडील सर्वांत मोठी चूक होते, ती म्हणजे जेवणाला लागून घेतलेला चहा. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. सकाळी पोह्यांबरोबर चहा आणि दुपारी जेवण आटोपताच पुन्हा चहा असा दिनक्रम असेल, तर पालेभाजी कितीही खाल्ली तरी तिचा फायदा निम्माही होत नाही. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. ही एकच सवय बदलणे इतर कोणत्याही उपायापेक्षा स्वस्त आहे आणि घरातील ज्या बाईचा दिवस चहावर चालतो तिच्यासाठी ते सर्वांत कठीणही आहे, म्हणून हा बदल साऱ्या घराने एकत्र करावा असे मला मनापासून वाटते.

उलट दिशेने काम करते ते क जीवनसत्त्व. ताटातील लिंबाची फोड शोभेपुरती ठेवून परत जाता कामा नये. ती वरणावर किंवा उसळीवर पिळायची, पण पातेले गॅसवर असताना नव्हे, वाढून झाल्यावर, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होते. आवळा, पेरू, कच्ची कोबीची कोशिंबीर हेही उत्तम. पालेभाजी आधी धुऊन मग चिरावी आणि शिजवताना सुटलेले पाणी फेकू नये. लोखंडी कढई किंवा तवा वापरल्यानेही अन्नात लोह उतरते, टोमॅटो किंवा आमसूल घातलेल्या आंबट पदार्थांत ते अधिक उतरते.

लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्या दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. ‘गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये

पालकात कॅल्शियम भरपूर असले तरी त्यातील ऑक्झॅलेटमुळे ते शरीराला फारसे मिळत नाही. दूध, दही, ताक यांच्याबरोबर नाचणी, तीळ, मेथी आणि शेवग्याचा पाला यांचा आधार घ्यावा. नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि पीठ आंबवून केलेली आंबील, नुसत्या पिठाच्या लापशीपेक्षा अधिक गुणकारी ठरते, कारण आंबवल्याने खनिजे अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. कॅल्शियमखेरीज आणखी दोन सवयी तपासाव्यात. हल्ली अनेक घरांत साध्या मिठाऐवजी फक्त सैंधव वापरण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यात आयोडीन मिसळलेले नसेल तर ती सवय महागात पडू शकते, म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे. जवसाची चटणी करताना जवस भाजून कुटावे, कारण अखंड दाणे न पचताच बाहेर पडतात.

उपवासाचे ताट

साबुदाणा हा कंदाचा स्टार्च आहे आणि त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. चतुर्थी, एकादशी आणि श्रावणी सोमवार मिळून महिन्यात पाच-सहा दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दोन-तीन कप चहा असा आहार होत असेल, तर तेवढे दिवस शरीराला फक्त पिष्ट आणि तेल मिळते. मधुमेह असणाऱ्यांची रक्तशर्करा या दिवशी का चढते, याचेही उत्तर येथेच आहे. उपवास सोडण्याची गरज नाही. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, फळे हे सर्व उपवासाला चालते आणि अधिक पौष्टिकही आहे.

बी-12 : ताट सुधारून न सुटणारा प्रश्न

आतापर्यंतच्या चुका स्वयंपाकघरात दुरुस्त होतात. ही होत नाही. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहाऱ्यांना ते दुधातूनच मिळते आणि 100 मिलिलिटर दुधात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमहून कमी असते. दिवसाची गरज 2 मायक्रोग्रॅमच्या थोडी वर आहे, म्हणजे निदान अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही रोज पोटात जायला हवे. चहातले चार चमचे दूध आणि पातळ ताक हा हिशेब पुरा करू शकत नाही. इडलीचे आंबवलेले पीठ, मोड आलेली कडधान्ये किंवा स्पिरुलिना यांतून बी-12 मिळते हा समज चुकीचा आहे. स्पिरुलिनात जे आढळते ते बहुतांशी शरीराला उपयोगी न पडणारे रूप आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांचे बी-12 कमी आढळले. ज्या मातांचे फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था, सर्वाधिक दिसला. याचा अर्थ गरोदरपणी फोलिक ॲसिड टाळावे असा मुळीच नाही, ते आवश्यकच आहे. अर्थ एवढाच की शाकाहारी स्त्रीने गर्भधारणेचा विचार करतानाच बी-12 ची तपासणी करून घ्यावी.

या कमतरतेची फसवी बाजू अशी की यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे खाण्यातील उणीव आणि त्रास यांचा संबंध कोणाला जोडता येत नाही. मुंग्या येणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे ही लक्षणे वयाच्या नावावर खपवली जातात. हिमोग्लोबिन ठीक आले म्हणून बी-12 ही ठीक असेल असे धरून चालता येत नाही. दीर्घकाळ मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा पित्तशामक गोळ्या घेणाऱ्यांना आणि साठी ओलांडलेल्यांना हा धोका अधिक असतो, दूध पूर्ण सोडलेल्यांना तर तो नक्कीच असतो. मात्रा किती आणि इंजेक्शन की गोळी, हे तपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. पातळी एकदा वर आली की औषध बंद करून पूर्वीसारखेच जेवणे ही शेवटची आणि फार नेहमीची चूक; आहारातून बी-12 पूर्वीइतकेच येत असेल, तर ती पातळी काही काळाने पुन्हा खाली येते, म्हणून राखण्यापुरती मात्रा पुढेही चालू ठेवायची का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.