जुना आरपीजी पुन्हा विकायला काढताय? मग या चुका टाळा

जुना रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) डिजिटल डाउनलोडला आणायचा म्हणजे काय, कपाटातली सीडी काढायची, डॉसबॉक्स (जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर) जोडायचा, एक इन्स्टॉलर बनवायचा आणि स्टोअरवर टाकून मोकळं व्हायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. दोन तासात संपणारा एखादा पळापळीचा गेम असेल तर कधीकधी एवढ्यात भागतंही. पण आरपीजी साठ-सत्तर तास चालतो, त्यात शेकडो पात्रं, हजारो संवाद, नियम दुसऱ्याच कंपनीचे, आणि अर्धा गेम तर डिस्कवर नसतोच, खोक्यातल्या पुस्तकात असतो. त्यामुळे इथे घोळ होतात ते बहुतेक ‘चालू झाला ना, मग झालं’ याच समजातून होतात.

टायटल स्क्रीन दिसली म्हणजे गेम चालला असं नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टीम छोटी असते, वेळ कमी असतो, मग टेस्टिंग म्हणजे गेम सुरू करून बघायचा, पात्र बनवायचं, पहिल्या गावात फेरी मारायची, एक मारामारी करायची, सेव्ह करून परत लोड करायचा, बास. आता २०२२ च्या जूनमध्ये ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ निन्टेंडोच्या स्विचवर आला तेव्हा काय झालं आठवा. ओन्डेरॉन नावाच्या ग्रहावर पोचलं की एका ठिकाणी गेम क्रॅश व्हायचा आणि पुढे जाताच यायचं नाही, म्हणजे विकत घेतलेला गेम पूर्णच करता येत नव्हता, आणि तो स्विचवर आणणाऱ्यांना तसं जाहीर कबूलही करावं लागलं. नंतर पॅच (दुरुस्ती करणारी फाइल) आला, पण पहिल्या आठवड्यात जे नाव खराब व्हायचं ते होतंच.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. एका माणसाने तरी गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा, तोही नेमका जो बिल्ड (तयार आवृत्ती) विकणार आहात तोच. आणि खेळताना प्रत्येक प्रकरणाच्या आधी-नंतरचे सेव्ह वेगळे ठेवायचे, म्हणजे पुढे इम्युलेटरचं व्हर्जन बदललं किंवा एखादी सेटिंग हलवली तर सगळं परत खेळायला नको, तेवढे सेव्ह लोड करून बघता येतं. जिथे मूळ गेम ‘आता दुसरी डिस्क घाला’ म्हणायचा त्या जागा तर आवर्जून तपासा, कारण तिथपर्यंत पोचायला दहा-पंधरा तास लागतात आणि म्हणूनच तिथे कोणी टेस्ट करायला जात नाही. शेवटचा व्हिडिओ दिसतो का तेही बघा. ऐंशी टक्के गेम नीट चालून शेवटी काळी स्क्रीन येणं याच्याइतका खेळणाऱ्याचा अपमान दुसरा नाही.

वेगाचं प्रकरण याच्याच पोटात येतं. जुन्या गेम्समध्ये बऱ्याच गोष्टी प्रोसेसरच्या वेगावर बांधलेल्या असायच्या. पहिल्या दोन ‘फॉलआउट’मध्ये आजच्या मशीनवर नकाशावरचा प्रवास झपकन होऊन जातो, वाटेत भेटणाऱ्या शत्रूंचं गणितही त्यामुळे बिघडतं, आणि गंमत अशी की हा काही क्रॅश नव्हे त्यामुळे टेस्टरच्या लक्षातच येत नाही, त्याला वाटतं गेम असाच आहे. चाहत्यांनी बनवलेल्या एसफॉल या जोड-प्रोग्रॅममध्ये यासाठी वेगळी सेटिंग आहे. डॉसच्या गेमला डॉसबॉक्समधलं सायकल्सचं (म्हणजे वेगाचं) सेटिंग ‘ऑटो’वर तसंच सोडू नका. त्यात रिअल मोडच्या (जुन्या, साध्या) गेमला ३००० सायकल्स मिळतात आणि प्रोटेक्टेड मोडच्या (नंतरच्या, जड) गेमला मशीन जेवढं देईल तेवढं, म्हणजे एक रांगणार आणि दुसरा उधळणार. प्रत्येक गेमला आकडा हाताने ठरवा, आणि तो ठरवताना ज्याने मूळ गेम त्या काळात खेळलाय असा कोणीतरी शेजारी बसलेला असू दे.

हक्क ‘बहुतेक आपल्याकडेच आहेत’ असं धरून चालणं

आरपीजीत हक्कांचे थर जास्त असतात. कोड एकाचा, नाव दुसऱ्याचं, नियम आणि जग तिसऱ्याचं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळावर बेतलेला गेम असेल तर बनवणारी कंपनी विकत घेतली तरी तो गेम विकायची परवानगी आपोआप मिळत नाही, कारण त्यातलं फॉरगॉटन रेल्म्ससारखं काल्पनिक जग त्या कंपनीचं कधी नव्हतंच.

‘सिस्टम शॉक २’ हे यातलं शिकण्यासारखं उदाहरण. १९९९ चा गेम, बनवणारा स्टुडिओ बंद पडलेला, आणि हक्क फिरत फिरत चक्क एका इन्शुरन्स कंपनीकडे गेलेले. जुने गेम पुन्हा काढणाऱ्या नाइटडाइव्ह कंपनीच्या स्टीफन किकने ते शोधून काढले, बोलणी केली, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत गेम जीओजी या डिजिटल स्टोअरवर आला. म्हणजे हक्क कोणाकडे आहेत हे शोधणं हेच निम्मं काम, आणि ते कोडला हात लावायच्या आधी करायचं असतं.

हक्क मिळाले तरी मुदत वाचा. ‘फॉलआउट’चं नाव बेथेस्डाने विकत घेतलं तरी जुने गेम विकायचा हक्क काही काळ आधीच्या मालकाकडे, इंटरप्लेकडे होता, तो २०१३ संपताना संपला आणि तीन जुने ‘फॉलआउट’ जीओजीवरून गायब झाले ते थेट २०१५ मध्ये परतले. त्याच २०१३ मध्ये ‘बॉल्डर्स गेट’ची एनहान्स्ड एडिशन (सुधारलेली नवी आवृत्ती) सुद्धा पब्लिशिंग पार्टनरसोबतच्या कराराच्या भांडणापायी काही आठवडे विक्रीतून काढावी लागली. करारात एक ओळ घालूनच घ्या की विक्री थांबली तरी ज्यांनी आधी पैसे मोजलेत त्यांना डाउनलोड चालू राहील. ती ओळ नसेल तर शिव्या तुम्हाला बसतील, वकिलांना नाही.

छोट्या गोष्टीही सुटतात. व्हिडिओसाठी स्मॅकर किंवा बिंक, आवाजासाठी माइल्स अशी दुसऱ्यांची सॉफ्टवेअर, एखादा फॉन्ट, एखादं गाणं. खोक्यातून विकायला घेतलेलं लायसन्स डाउनलोडला चालतंच असं नाही, १९९५ च्या कराराला डाउनलोड हा शब्दच ठाऊक नसतो.

कुठलं व्हर्जन?

सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड) मिळेल असं गृहीत धरून तारीख जाहीर करू नका. ‘आइसविंड डेल’ची एनहान्स्ड एडिशन २०१४ मध्ये आली, दुसऱ्या भागाची मात्र आली नाही, कारण ती बनवणाऱ्या बीमडॉगला त्याचा सोर्स कोड सापडलाच नाही. उलट बाजूला डिजिटल एक्लिप्सने ‘विझर्ड्री’चा रीमेक केला तो १९८१ च्या मूळ कोडच्याच वर उभा केलाय, २०२४ मध्ये पूर्ण रिलीज झाला. कोड मिळाला तर काय काय करता येतं त्याचं हे उदाहरण, पण असं नशीब सगळ्यांचं नसतं. कोड नसेल तर गेम जसा आहे तसा, भोवती रॅपर (जुना गेम नव्या मशीनशी जुळवून देणारा मधला प्रोग्रॅम) किंवा इम्युलेटर लावून विका, त्यात कमीपणा काही नाही, फक्त जाहिरातीत ‘रीमास्टर’ लिहू नका.

आणि हाताला लागली ती पहिली सीडी मास्टर समजू नका. शेवटचा अधिकृत पॅच लागलेला आहे का, फ्लॉपीचं व्हर्जन आहे की आवाज असलेलं सीडीचं, कुठल्या देशातलं आहे, हे सगळं बघावं लागतं. ‘फॉलआउट २’च्या युरोपातल्या काही आवृत्त्यांमध्ये लहान मुलं काढून टाकलेली, म्हणजे खरं तर अदृश्य केलेली, त्यामुळे दुकानासमोरून जाताना खिशातल्या वस्तू आपोआप गायब व्हायच्या आणि चोर दिसायचाच नाही. अशी आवृत्ती जगभर विकायला ठेवली तर लोक बग म्हणून रिपोर्ट करतील, आणि त्यांचं काय चुकलं?

खोक्यातले कागद विसरणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे खर्च सगळ्यात कमी आणि निष्काळजीपणा सगळ्यात जास्त.

१९८८ चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ घ्या. गेम मध्येच सांगतो की जर्नलमधली अमुक नंबरची नोंद वाचा. ती नोंद गेममध्ये नाही, छापील जर्नलमध्ये आहे, कारण डिस्कवर एवढ्या मजकुराला जागाच नव्हती. वर एक फिरवायचं कोड व्हील होतं, त्याच्याशिवाय सुरुवातही होत नाही. ‘वेस्टलँड’ पण १९८८ चाच आणि त्यातही परिच्छेदांचं वेगळं पुस्तक, २०१३ च्या पुनर्प्रकाशनात ते परिच्छेद गेममध्येच दाखवायची सोय केली आणि तेच बरोबर होतं. ‘अल्टिमा ४’मध्ये कुठल्या मंत्राला कुठलं साहित्य मिसळायचं ते पुस्तकात. ‘अल्टिमा ७’मध्ये पहिल्याच गावातला मेयर मॅन्युअल आणि नकाशा समोर असल्याशिवाय सांगता येणार नाहीत असे प्रश्न विचारतो.

लोक काय करतात, तर पुस्तक घाईघाईत स्कॅन करून एक तिरकी, धुरकट पीडीएफ फोल्डरच्या तळाशी टाकून देतात, तिच्यात सर्च चालत नाही, नकाशा दोन पानांत मधोमध फाटलेला, आणि लाल फिल्टरमधून वाचायचा मजकूर काळा-पांढरा स्कॅन केल्याने वाचताच येत नाही. रंगीत स्कॅन करा, मजकूर शोधता येईल असा करा, नकाशा एकसंध ठेवा, आणि लाँचरमध्ये ‘खेळा’च्या शेजारीच ‘मॅन्युअल’ असं बटण द्या. कॉपी प्रोटेक्शनचे (चोरीची प्रत अडवण्यासाठीचे) प्रश्न काढायची परवानगी हक्कदाराकडून मिळत असेल तर काढूनच टाका, पैसे भरलेल्या माणसाची परीक्षा कशाला घ्यायची.

तक्रारी येतात त्या साधारण अशा

‘इन्स्टॉलरच सुरू होत नाही.’ गेम ३२ बिटचा पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, असं नव्वदच्या दशकात सर्रास असायचं, आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचं काही चालवतच नाही. जुना इन्स्टॉलर टाकून द्या, फाइल्स काढून नवीन बनवा, रजिस्ट्रीच्या नोंदी मात्र विसरू नका.

‘डिस्क घाला म्हणतोय.’ सेफडिस्क या जुन्या कॉपी प्रोटेक्शनचा ड्रायव्हर विंडोज १० लोडच करत नाही. डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसलेली एक्झिक्युटेबल हक्कदाराकडून घ्या. कुठूनतरी उतरवलेली क्रॅक केलेली फाइल अधिकृत गेममध्ये घालू नका, सापडते ती, आणि मग हसं होतं.

‘सेव्ह होत नाही’ किंवा ‘सेव्ह गायब झाले.’ जुने गेम स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्समध्ये तसं लिहायला मनाई आहे, विंडोज त्या फाइल्स गुपचूप व्हर्च्युअलस्टोअरमध्ये नेऊन ठेवतं. डिफॉल्ट जागाच बदला. ‘वेस्टलँड’सारख्या गेमची तर अजून वेगळी तऱ्हा, मूळ गेम जगातले बदल स्वतःच्या डेटा फाइल्समध्येच लिहायचा, म्हणूनच मॅन्युअल आधी डिस्कची कॉपी काढायला सांगायचं. अशा गेमवर स्टोअरचं ‘फाइल्स तपासा’ बटण दाबलं की ते बदललेल्या फाइल्स बिघडलेल्या समजून मूळच्या आणून ठेवणार, झाला सगळा खेळ साफ. खेळायची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

‘रंग विचित्र दिसतात.’ २५६ रंगांचा, डायरेक्टड्रॉ (विंडोजची चित्र दाखवायची जुनी पद्धत) वापरणारा गेम, आणि नवीन विंडोजला त्या पॅलेटशी नीट वागता येत नाही. सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू असा रॅपर लावून बघा.

‘सगळे बुटके आणि जाड दिसतात.’ ३२० बाय २०० चं चित्र मूळ मॉनिटरवर ४:३ मध्ये उभं ताणलं जायचं, आता कोणीतरी पिक्सेल चौकोनी ठेवलेत. डॉसबॉक्समध्ये ॲस्पेक्ट चालू करा. एका ओळीचं काम आहे आणि तरी राहतं.

‘संगीत नाही.’ बहुतेक वेळा संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं आणि तुम्ही फक्त डेटा कॉपी केलात. पूर्ण इमेज काढा, क्यू फाइलसकट (तिच्यात ट्रॅकची यादी असते). रोलँड एमटी-३२ या जुन्या संगीत-यंत्राचा आवाज द्यायचा मोह होईल, पण त्याच्या इम्युलेटरला जे रॉम लागतात ते रोलँडचे आहेत, परवानगीशिवाय ते सोबत देता येत नाहीत. त्यापेक्षा मूळ हार्डवेअरवरून संगीत रेकॉर्ड करायचा पर्याय असतो, कष्टाचा आहे पण कायद्यात बसतो.

चाहत्यांना गृहीत धरणं

तुम्ही यायच्या आधी दहा-वीस वर्षं हे गेम कोणी चालू ठेवले? चाहत्यांनी. ‘व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स’ २००४ मध्ये अर्धवट अवस्थेतच आला होता, अनधिकृत पॅचमुळे टिकला, आणि जीओजीने तो पॅच गेमसोबतच दिला. असा पॅच घ्यायचा तर करणाऱ्याला विचारा, क्रेडिट्समध्ये नाव घाला, आणि बग दुरुस्ती वेगळी व त्याने मनाने घातलेला नवा मजकूर वेगळा असे दोन पर्याय ठेवा, कारण सगळ्यांना दुसरा नको असतो. डॉसबॉक्सचं लायसन्स जीपीएल आहे, म्हणजे तो गेमसोबत दिलात तर, बदललेला असो वा नसो, त्याचा सोर्स कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. फुकट आहे म्हणून अटी नाहीत असं नसतं.

नवीन आवृत्ती आली की जुनी विक्रीतून काढून टाकणं हीसुद्धा चूकच. जुन्या इंजिनवर बनलेले मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) नव्यावर चालत नाहीत, आणि काहींना मूळचेच व्हिडिओ आवडतात. ‘बॉल्डर्स गेट’च्या एनहान्स्ड एडिशनसोबत जीओजीवर मूळ गेमही मिळतो, तसं करा. आणि अपडेट सोडाल तेव्हा आधीचा बिल्ड एखाद्या वेगळ्या ब्रांचमध्ये उपलब्ध ठेवा, पॅच नोट्समध्ये जुने सेव्ह चालतील की नाही हे पहिल्या ओळीतच लिहा, सातव्या पानावर नको. पन्नास तासांचा सेव्ह असलेल्या माणसाला अपडेट दाबायच्या आधी तेवढंच कळायला हवं असतं.