बाळाला पोहायला नेताय? पाण्यातनं बाहेर कसं काढायचं ते आधी ठरवा

बाळाला स्विमिंग पूलला न्यायचं म्हटलं की घरातले, शेजारचे, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळे पाण्यात कसं उतरवायचं तेवढंच सांगतात. बाळ हातपाय मारतं, हसतं, फोटो निघतो, झालं. मी माझ्या दोन्ही पोरांना नेलंय, आता भाचीला नेते, आणि माझं स्पष्ट मत आहे की पाण्यात उतरवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्रास होतो तो ओलं बाळ काठावर आल्यापासनं त्याला कपडे घालून टोपी बांधेपर्यंत. बेळगावात तर जास्तच, कारण आपलं गाव जवळपास 750 मीटर उंचीवर, मे महिन्यात पण संध्याकाळी पश्चिमेकडनं वारं सुटतं, आणि आपले पोहायचे तलाव काही गरम पाण्याचे नसतात. पुण्या-मुंबईतल्या हीटेड पूलचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

आधी कधी आणि कुठं ते बघू. सहा महिन्यांच्या आत सार्वजनिक तलावात नको. मान पक्की धरली पाहिजे, आधार न देता थोडं बसता आलं पाहिजे. लसी पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही, पण लसीनंतर अंग गरम असेल तर त्या दिवशी राहू दे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच जा. सीझन म्हणाल तर मार्च ते मे. पावसाळ्यात आणि दिवाळीपासनं शिवरात्रीपर्यंत उघड्या तलावावर बाळाला नेण्यात काही अर्थ नाही.

गोवावेसचा तलाव असू दे, जेएनएमसी मेडिकल कॉलेजचा असू दे, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या गावात जो असेल तो, बाळाशिवाय एकदा जाऊन बघून या. लहान बाळांना कुठल्या बॅचला घेतात, लहान मुलांचा उथळ पूल वेगळा आहे का, तळ स्वच्छ दिसतोय का, हे बघायचं. पाणी बघणाऱ्या माणसाला क्लोरीन किती आणि पीएच किती ते सरळ विचारा, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) 7.2 ते 7.8 च्या मधे पाहिजे. डोळे चुरचुरतील असा उग्र वास येत असेल तर लोक म्हणतात भरपूर क्लोरीन आहे, पाणी स्वच्छ आहे. उलट आहे. क्लोरीन आणि घाम-लघवी यांचं मिळून जे तयार होतं त्याचा तो वास असतो. अशा पाण्यात बाळ नको.

आणि विहीर, मलप्रभा-मार्कंडेय नद्या, हिडकल धरणाचं पाणी, हे सगळं बाळासाठी नको म्हणजे नको. गावाकडं मोठी पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतात ते ठीक आहे, पण बाळ पाणी गिळतं, आणि तिथल्या पाण्यात काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

वेळ दुपारी चारच्या सुमाराची धरा. सकाळी सहाच्या बॅचला पाणी रात्रभर गार होऊन बसलेलं असतं, मोठ्या माणसांना छान वाटतं, बाळाला नाही. चारपर्यंत उथळ पूल उन्हानं चांगला तापलेला असतो आणि ऊनही उतरायला लागतं. पाचच्या आत बाहेर, कारण त्यानंतर वारं आणि वळवाच्या ढगांचा भरवसा नाही. लांब कुठं गडगडलं तरी लगेच बाहेर काढायचं, बॅचचे पैसे गेले तर गेले. बाळाच्या अंघोळीचा साधा थर्मामीटर मिळतो तो पाण्यात धरा, 32 अंशाच्या आसपास असेल तर उत्तम, 30 च्या खाली असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला मी उतरवत नाही. हाताला गार नाही लागत, म्हणून उतरवायचं हे चुकीचं आहे, आपला हात आणि बाळाचं अंग यात फरक आहे, आणि पाण्यात उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगानं जाते.

नेहमीचा डायपर चालत नाही, तो पाणी पिऊन फुगतो. स्विम डायपर घ्या, मांडीला घट्ट बसणारा. तो फक्त शी अडवतो, लघवी नाही, त्यामुळं घरनं घालून निघाला तर रिक्षाची सीट ओली होणार, तलावावर गेल्यावरच घाला. जुलाब होत असतील तर अजिबात नेऊ नका आणि थांबल्यावरही दोन आठवडे जाऊ द्या, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभरसुद्धा टिकतो आणि तुमच्या बाळामुळं दहा जणांची पोरं आजारी पडतील. दूध पाजून अर्धा तास तरी जाऊ द्या. गळ्यात घालायची फुग्याची रिंग ऑनलाईन मिळते ती घेऊ नका, अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध-नियंत्रण संस्थेनं 2022 मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय.

पाण्यात काय करायचं? काखेत हात घालून समोरासमोर धरा, बाळाचे खांदे पाण्याच्या पातळीला, तोंड वर, आणि बोलत राहा. डुबकी द्यायची नाही, तोंडावर फुंकर मारून पाण्याखाली न्यायचं नाही. पहिल्या वेळी दहा मिनिटं बस, नंतर जास्तीत जास्त वीस. एवढंच.

आता बाहेर काढणं. इथं मी पण सुरुवातीला खूप धडपडले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, दोन मोठी माणसं पाहिजेत आणि त्यातलं एक पूर्ण कोरडं पाहिजे. बाबा पाण्यात तर आई काठावर, नाहीतर आत्या, मावशी, आजी, कुणीही. एकट्यानं नेऊ नका. ओलं बाळ साबणाच्या वडीसारखं निसटतं, त्यात तुमचे हात ओले, पायाखाली ओली शहाबादी फरशी, आणि स्टीलची उभी शिडी. बाळाला एका हातात धरून ती शिडी चढायची नाही, कितीही सवय असली तरी. काठाशी जाऊन उभं राहायचं, वरच्या माणसानं गुडघ्यावर बसून टॉवेल आधीच पसरून दोन्ही हातांवर धरायचा, आणि बाळाला दोन्ही हातांनी उचलून त्या टॉवेलवर द्यायचं. वरच्या माणसानं तोंडानं "घेतलं" म्हटल्याशिवाय खालच्यानं हात सोडायचा नाही. आमच्या घरी हा नियम आहे, आजी असली तरी तिनं म्हणायचंच. डोळ्यांनी खूण केली, मान हलवली, ते चालत नाही, कारण तिथं शिट्ट्या आणि पोरांचा आरडाओरडा असतो.

इथंच तेलाचं सांगून टाकते. पूलला न्यायचं म्हणून सकाळी खोबरेल तेल चोपडून मालिश करायचं, म्हणजे थंडी बाधत नाही, असं बऱ्याच घरांत सांगतात. करू नका. थंडी अडत नाही, बाळ मात्र हातातनं सटकतं, आणि सगळ्यांच्या पाण्यावर तवंग येतो. मालिश दुसऱ्या दिवशी करा. कानात तेल आणि कापूस पण नको.

टॉवेलात गुंडाळलं की तिथं उभं राहून फोटो काढायचे नाहीत. ओल्या अंगावरनं वारं गेलं की बाळ पाण्यात होतं त्यापेक्षा जास्त गार पडतं. "जरा उन्हात धरा, सुकेल" हा सल्ला मला सगळ्यात जास्त राग आणणारा, कारण सुकेपर्यंतच तर अंगातली ऊब जाते. भिंतीच्या आडोशाला जायचं, जागा आधीच बघून ठेवलेली पाहिजे. चेंजिंग रूमची फरशी ओली असते आणि बाळाला झोपवायला टेबल नसतं, म्हणून घरनं एक प्लॅस्टिकची चटई आणि त्यावर घालायला जुनी गोधडी नेते मी.

मग क्रम असा. आधी डोकं, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि तिथनं ऊब लवकर जाते. डोकं टिपलं की लगेच टोपी, बाकी अंग ओलं असलं तरी. मग ओला स्विम डायपर काढून टाका, तो तसाच ठेवून वरचं पुसत बसू नका. दुसरा कोरडा टॉवेल घ्या, पहिला आता भिजलेला असतो. मान, काखा, जांघा, गुडघ्यामागच्या वळ्या टिपून काढा, घासू नका. बनियन, लंगोट किंवा साधा डायपर, वर पुढनं उघडणारा झबला. डोक्यातनं घालायचा टी-शर्ट त्या वेळी नको, ओल्या अंगावर तो अडकतो आणि बाळ किंचाळतं. कान एका बाजूला कलवून टॉवेलच्या टोकानं बाहेरनं टिपा, आत काही घालू नका.

शॉवरचं विचाराल तर सार्वजनिक तलावाचा गार शॉवर बाळाला देऊ नका. क्लोरीन धुवायला पाहिजे हे खरं, पण घरी जाऊन कोमट पाण्यानं धुतलं तरी चालतं. तिथंच धुवायचं असेल तर थर्मासमधनं गरम पाणी न्या, मगात गार मिसळा, कोपर बुडवून बघा, मगच अंगावर घाला. घरी गेल्यावर आजी धुरी द्यायला तयार असते, तिला प्रेमानं नाही म्हणा, धुरानं बाळाच्या छातीला त्रास होतो.

बाळ कुडकुडत नाही म्हणून गार पडलं नाही असं समजू नका, लहान बाळांना नीट कुडकुडता येत नाही. ओठ निळसर, हातपाय चट्टे पडल्यासारखे, पाठीला हात लावला तर गार, किंवा मघाशी खेळत होतं ते एकदम गप्प झालं, यातलं काही दिसलं तर कपडे घालून छातीशी धरा, वरनं गोधडी. तेव्हाच अंगावर पाजा. पोहून बाळाला भयंकर भूक लागते. वरचं खाणारं असेल तर थर्मासमधनं नाचणीची कोमट पेज न्या, बिस्किटं नकोत.

घरी येताना ॲक्टिव्हावर पुढं बसवून आणू नका, डोकं सुकलेलं असलं तरी. रिक्षा करा, बाळ आतल्या बाजूला.

त्या दिवशी रात्रीपर्यंत लक्ष ठेवा. पाणी गिळल्यावर थोडा ठसका लागतो आणि जातो, पण खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळ सुस्त पडलं असेल किंवा उलट्या होत असतील तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला न्या आणि तलावात नेलं होतं हे डॉक्टरांना आधी सांगा.