गावाच्या छोट्या शाळेत माणसं कशी नेमायची आणि मूल्यं कशी ठरवायची

बीड, जालना, परभणी, धाराशिव या पट्ट्यात पहिली ते चौथीची साठेक मुलांची शाळा गावाने काढायची म्हटलं की बोलणी खोल्या आणि पत्र्यांपासून सुरू होतात. सुरुवात माणसांपासून करा. निजामाच्या काळात धाराशिवकडच्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा नावारूपाला आली ती इमारतीमुळे नव्हे, पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेल्या स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक तिथे राहिले म्हणून.

कागदपत्रं उरकून घ्या: किमान 7 सभासदांची संस्था, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, मग शाळेची मान्यता. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्याने 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

त्याच कायद्याप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक लागतात, 61 ते 90 ला 3. पण दोघांतला एक बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. म्हणून गावातलीच एक शिकलेली ताई सहायक म्हणून घ्या. तिच्यावर वर्ग सोपवायचा नाही, वर्गशिक्षकाला डी.एल.एड. ही शिक्षणशास्त्राची पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा हवी. शेजारी बंजाऱ्यांचा तांडा असेल तर ताई त्यांची गोरमाटी बोलणारीच बघा, उर्दू-दखनी घरं असतील तर ती भाषा येणारी. पहिलीतलं मूल गप्प बसतं तेव्हा बऱ्याचदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो, आणि नेमकं त्यालाच ‘मठ्ठ’ ठरवलं जातं.

मुलाखतीपेक्षा पाठ बघा. उमेदवाराला दुसरीच्या वर्गावर 30 मिनिटं उभं करा आणि मागे बसून दोनच गोष्टी टिपा: शेवटच्या रांगेतल्या किती मुलांशी तो बोलला, आणि चुकलेल्या उत्तराचं त्याने काय केलं. नंतर विचारा, ‘मूल तीन दिवस आलं नाही तर काय कराल?’ ‘पालकांना निरोप धाडू’ म्हणणारा आणि ‘घरी जाऊ’ म्हणणारा, यांतला दुसरा घ्या. रुजू होण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी हवीच, स्वयंपाकी आणि गाडीवाल्याचीसुद्धा. संस्थाचालकांचे मेहुणे-पुतणे घेऊ नका. त्यांना जाब विचारायची कुणाची छाती होत नाही, आणि चांगला शिक्षक वर्षभरात निघून जातो.

पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. 40 मिनिटांच्या तासात 20 मिनिटं एका वर्गाला शिकवायचं, तेवढ्यात दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल. लेखी काम आदल्या दिवशी तयार नसेल तर हे फसतं आणि नुसता गोंगाट होतो. कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत तयारीचा वेळ धरलेला आहे. वेळापत्रकात तो रोज 1 तास दाखवा, नाहीतर तो कारकुनी कामात जातो.

स्वयंपाकाला पोषण आहाराचं प्रमाण धरा: पाचवीपर्यंत एका मुलाला तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5. म्हणजे 60 मुलांना 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी, 300 ग्रॅम तेल. आणि त्याच निकषाने दोन स्वयंपाकी. वाढण्याआधी एका शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत वेळ टाकून सही करायची. टँकरच्या दिवसांत पाण्याची जबाबदारी एकाच सेविकेच्या नावावर ठेवा. 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), आधी बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा.

आता मूल्यं. प्रामाणिकपणा, शिस्त, देशप्रेम असे शब्द भिंतीवर रंगवून काहीच होत नाही, कारण ते कुणाचंच काम नसतं. साखर कारखान्यांवरून ऊसतोडीची माणसं परतल्यावर, मे महिन्यात, संध्याकाळी शाळेच्या अंगणात बैठक घ्या. देवळाच्या पारावर नको. तिथे काही घरं येत नाहीत. बायांची बैठक वेगळी घ्या, सासऱ्या-दिरांसमोर त्या बोलणार नाहीत. प्रश्न एकच ठेवा: ‘शाळेत काय घडलं तर तुम्ही पोराला काढून घ्याल?’ मारलं तर, जातीवरून वेगळं बसवलं तर, पैशासाठी सगळ्यांपुढे उभं केलं तर, अशी उत्तरं येतात. त्यांतली पाच निवडा, साध्या वाक्यात लिहा, आणि प्रत्येकापुढे माणूस नेमा.

‘मारायचं नाही’ याला मुख्याध्यापक जबाबदार. कायद्याच्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, पालकांनी ‘हाणा खुशाल’ म्हटलं तरी. लैंगिक छळाची तक्रार तर गावात मिटवायचीच नाही: पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक त्यांच्या नजरेच्या उंचीवर रंगवा. ‘एकच पंगत’ याला ताई जबाबदार. मुलं हजेरी क्रमांकाने बसतील, म्हणजे आपोआप गट पडत नाहीत. झाडण्याची पाळीही हजेरीनेच, मुलगे-मुली दोघांची. संडास मात्र पगारी माणसाने साफ करायचा. पाळ्यांचा तक्ता दर सोमवारी परिपाठात मोठ्याने वाचा. तक्ता कपाटात राहिला की झाडू पुन्हा त्याच दोन-तीन मुलींच्या हातात जातो.

‘हिशोब उघडा’ हे व्यवस्थापन समितीचं काम. कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. विनाअनुदानित शाळेला ते बंधन नाही, तरी तेच प्रमाण ठेवा. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतच. तीन महिन्यांचा पगार हाती असल्याशिवाय शाळा उघडू नका. फी जूनमध्ये मागू नका, तेव्हा घरातला पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो; एक हप्ता सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या सुमारास, दुसरा तूर आल्यावर.

सगळ्यात कस लागतो तो ‘कुणाचं नाव कटणार नाही’ या वाक्याचा. दसऱ्याआधी प्रत्येक वर्गशिक्षकाने यादी करायची: कोणाचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणार, कुठल्या मुकादमाच्या टोळीत, कुठल्या कारखान्याला, फोन कुणाचा. आजी-आजोबांकडे राहू शकणारं मूल मागे ठेवायला घरच्यांना राजी करा, नाहीतर हंगामी वसतिगृहासाठी प्रस्ताव आधीच द्या. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन झाल्यावर, गाडी भरायच्या दिवशी समजावून उपयोग नाही. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड (तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दाखवायचं) आणि पुस्तकं द्या, पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या जवळच्या शाळेला फोन करा. मार्च-एप्रिलमध्ये ते परतलं की त्याच्याच वर्गात बसवा, आणि बुडालेलं वाचन-गणित भरून निघेपर्यंत ताईने रोज 45 मिनिटं वेगळं घ्यायचं.