बाळाचं नाव ठरवताना आणि नोंदवताना या चुका टाळा

बारशाला पाळणा सजतो, आत्या कानात कुर्र करते, पेढे वाटले जातात. जन्मनोंदीत मात्र बाळाच्या नावाची जागा बहुधा कोरीच असते. रुग्णालय २१ दिवसांच्या आत जन्म कळवतं, तेव्हा अनेक घरांत नाव ठरलेलंच नसतं. त्यात गैर काही नाही. चूक पुढे होते, कारण नाव कळवायला नंतर कुणी जातच नाही. पहिल्या १२ महिन्यांत ते विनाशुल्क नोंदवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. म्हणून बारसं झालं की त्याच आठवड्यात हे काम उरका.

नाव निवडताना पत्रिकेतलं अक्षर धरून बसणारी घरं अजून बरीच आहेत. हस्त नक्षत्राची चरणाक्षरं पू, ष, ण, ठ. बाळ तिसऱ्या चरणावर जन्मलं तर 'ण'वरून नाव आणायचं कुठून? मग ओढूनताणून काहीतरी जुळवलं जातं आणि लेकराला ते जन्मभर वागवावं लागतं. आपल्या परंपरेनेच यावर सोय केली आहे: जन्मनाव वेगळं, व्यवहारातलं नाव वेगळं. पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू द्या.

अर्थाचं काय? मोबाइलवरच्या याद्यांत प्रत्येक नावाचा अर्थ 'देवीचं नाव' किंवा 'सूर्यकिरण' असा गोड दिलेला असतो. 'मृषा' कानाला छान लागतं, पण संस्कृतात त्याचा अर्थ खोटं, व्यर्थ. नाव संस्कृत असेल तर चांगल्या कोशात एकदा बघाच, किंवा शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना विचारा.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र इंग्रजी स्पेलिंग देतं, आणि त्याचा विचार सगळ्यात कमी होतो. ज्ञानदा हे नाव घ्या. आपल्याकडे ते डी-एन-वायने सुरू होतं, हिंदी भागात जी-वायने, काही जण जे-एनने लिहितात. शेवटच्या 'आ'ला एक ए की दोन? 'ऋ'साठी आर-यू की आर-आय? दवाखान्यातला माणूस एक लिहितो, आधार केंद्रावरचा दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिसरंच येतं. मुलाचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, काढायची वेळ आली की शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही आणि काम अडतं. यावर उपाय अगदी साधा आहे. पहिला अर्ज भरण्याआधीच देवनागरी आणि इंग्रजी, दोन्हींत पूर्ण नाव कागदावर लिहा, घरात सगळ्यांना दाखवा आणि प्रत्येक ठिकाणी तोच कागद समोर ठेवा. अंकशास्त्रासाठी एखादं अक्षर वाढवायचंच असेल तर तेही याच वेळी, नंतर नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. इथे एक अडचण मात्र येते. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलेल्या कितीतरी बायकांची पदवी माहेरच्या नावाने आणि रेशनकार्ड सासरच्या नावाने असतं. बाळाच्या नोंदीत आईचं तेच नाव द्या, जे तिच्या स्वतःच्या आधार आणि पॅनवर आहे. घरात कुठल्या नावाने हाक मारतात, हे इथे बघू नका.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक. पासपोर्टमध्ये दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. आडनाव रिकामं ठेवू नका. फक्त एकेरी नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश द्यायचं संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केलं.

घोळ आधीच झाला असेल तर क्रम चुकवू नका. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा. दाखल्यातली लेखनाची चूक जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्त होते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे दाखला हातात येईपर्यंत ती संधी वापरू नका. शाळेतली दुरुस्ती दहावीचा अर्ज भरण्याच्या खूप आधी करून घ्या, कारण बोर्डाकडे जाणारं नाव शाळेच्या नोंदीवरूनच जातं. आणि नावच बदलायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. त्या राजपत्राच्या पानाच्या प्रती नीट जपून ठेवा. पुढे बँकेपासून पासपोर्टपर्यंत त्या मागितल्या जातात.